सरावपाठाची शाळा कोणाची? मुंबईतील एका अध्यापक महाविद्यालयाचे प्रकरण

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि माध्यमिक शाळांसाठी पदवीधर शिक्षक तयार करणारे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज मुंबईत उघडले १९०६ साली. मधली एकोणपन्नास वर्षे विद्यापीठ पदवीधर घडवत होते आणि त्यांपैकी पुष्कळजण इलाख्यातील हायस्कुलांत शिकवायला जात होते. पण शिकवणे ही गोष्ट पदवीधरालाही शिकावी लागते आणि त्यासाठी स्वतंत्र महाविद्यालय काढले पाहिजे, असे कोणाला निकडीने वाटले नव्हते. प्राथमिक शिक्षकांच्या बाबतीत चित्र निराळे होते. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने १८२० च्या दशकातच चोवीस शिक्षक तयार करून निरनिराळ्या भागांत पाठवले होते आणि पुढे प्राथमिक शिक्षक तयार करणारी नॉर्मल स्कुले व ट्रेनिंग कॉलेजेही निघाली. म्हणजे मुळाक्षरे शिकवणाऱ्याला प्रशिक्षण हवे आणि भूमिती किंवा इंग्रजी काव्य शिकवणाऱ्याला मात्र त्याची पदवी पुरे, असा हा हिशेब होता. वरच्या इयत्तांत शिकवायचे तर विषय येणे हेच सर्व काही, ही समजूत तेव्हाची आहे आणि अजून ती पुरती गेलेली नाही.

या टिपणाचा विषय हे एकच महाविद्यालय आणि त्याच्याभोवती वाढत गेलेली विद्यापीठीय शिक्षक-प्रशिक्षणाची व्यवस्था आहे. शंभराहून अधिक वर्षांत तेथील पदवीचे नाव बदलले, कालावधी बदलला, नियंत्रण करणारी यंत्रणा बदलली आणि अलीकडे विद्यापीठही बदलले. मात्र छात्राध्यापकाने, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने, ज्या वर्गात उभे राहून शिकवायला शिकायचे, तो वर्ग कोणाचा आणि त्या शिकण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न १९०४ साली जितका उघडा होता तितकाच आजही आहे, असे माझे म्हणणे आहे. ते पटवायचे तर आधी थोडे मागे जावे लागेल.

उशिरा आलेले महाविद्यालय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशात माध्यमिक शिक्षकांसाठी सहा ट्रेनिंग कॉलेजे होती. सैदापेठ, राजमहेंद्री, कर्सियांग, अलाहाबाद, लाहोर आणि जबलपूर ही ती ठिकाणे. या यादीत मुंबई नाही, पुणेही नाही. देशातील पहिल्या तीन विद्यापीठांपैकी एक ज्या शहरात, त्या शहराने या बाबतीत जबलपूरच्याही मागे राहावे, याचे आश्चर्य वाटते. देशातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये पदवीधरांच्या प्रशिक्षणाची चर्चा झाली होती. अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष अध्यापन यांची परीक्षा असावी आणि पदवीधरांसाठी इतरांपेक्षा आखूड अभ्यासक्रम ठेवावा, असे आयोगाने सुचवले. आखूड असावा हा मुद्दा येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पदवीधराला शिकवायला शिकवण्यासाठी किती वेळ पुरतो हा वाद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

मुंबईच्या महाविद्यालयाला निमित्त मिळाले ते लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये निघालेल्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावाचे. त्या ठरावात माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयी ज्या गोष्टी आहेत, त्या आजही एखाद्या अध्यापक महाविद्यालयाची तपासणी करताना कसोटी म्हणून वापरता येतील इतक्या नेमक्या आहेत. ट्रेनिंग कॉलेजची सामग्री कला महाविद्यालयाच्या सामग्रीइतकीच महत्त्वाची मानावी. पदवीधरांचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असावा आणि त्याच्या अखेरीस विद्यापीठाची पदवी किंवा पदविका मिळावी. अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष अध्यापन यांची सांगड असावी आणि त्यासाठी प्रत्येक महाविद्यालयाला सरावाची शाळा जोडलेली असावी. शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते: महाविद्यालय आणि शाळा यांच्यातील संबंध असा राखावा की, बाहेर पडून नोकरीला लागलेला शिक्षक शिकलेल्या पद्धती वाऱ्यावर सोडून देणार नाही.

यानंतर दोनच वर्षांत, १९०६ मध्ये, सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. आज महापालिका मार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर, आझाद मैदानाच्या आसपास, शाळा-महाविद्यालयांच्या गर्दीत ते उभे आहे. ठरावातील चारांपैकी पहिल्या दोन गोष्टी कमीअधिक प्रमाणात साध्य होत गेल्या. उरलेल्या दोन गोष्टींचे काय झाले, हेच या प्रकरणाचे मर्म आहे.

विद्यापीठाने काय दिले, काय घेतले

पुढे विद्यापीठाने बी.टी. (बॅचलर ऑफ टीचिंग) ही पदवी सुरू केली, तिचे कालांतराने बी.एड. झाले. सरकारी प्रमाणपत्राच्या जागी विद्यापीठाची पदवी आली, तेव्हा शिक्षकाच्या व्यवसायाला एक वजन आले, हे नाकारता येणार नाही. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. सुरू केली, ती देशातील पहिली मानली जाते. शिक्षणशास्त्रातील पहिली पीएच.डी.ही याच विद्यापीठाने १९४३ मध्ये दिली. ज्या विद्यापीठाला स्वतःच्या पदवीधरांना शिकवायला शिकवण्याची गरज पन्नास वर्षे वाटली नव्हती, त्याच विद्यापीठात शिक्षणशास्त्र हा संशोधनाचा विषय झाला. मुंबई इलाख्यातून पुढे निरनिराळी विद्यापीठे निघाली, पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये, आणि बी.एड.चा साचा त्यांच्याबरोबर राज्यभर गेला.

पण विद्यापीठाची पदवी म्हणजे विद्यापीठाची परीक्षा, आणि आपल्या विद्यापीठांना परीक्षा म्हणजे तीन तासांचा लेखी पेपर हेच ठाऊक. त्यामुळे शिक्षणाचे तत्त्वज्ञान, शैक्षणिक मानसशास्त्र, शिक्षणाचा इतिहास, शालेय व्यवस्थापन यांचे पेपर भक्कम झाले आणि सरावपाठ, म्हणजे छात्राध्यापकाने शाळेच्या वर्गात सरावासाठी घेतलेला तास, हा 'अंतर्गत' म्हणून बाजूच्या रकान्यात गेला. विद्यापीठीय शिक्षणाचा विचार करणाऱ्या राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवले होते. अभ्यासक्रम नव्याने बांधावेत, शाळेतल्या सरावाला अधिक वेळ द्यावा आणि मूल्यमापनातही त्याला अधिक वजन असावे, असे त्याचे म्हणणे होते. सतरा वर्षांनी, सर्व स्तरांवरील शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने हेच दुखणे अधिक स्पष्ट शब्दांत मांडले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि गावोगावच्या शाळांची नाडी त्यांना कळत होती. शिक्षक-प्रशिक्षण एकीकडे विद्यापीठाच्या विद्याजीवनापासून तुटलेले आहे, दुसरीकडे शाळांपासून तुटलेले आहे आणि प्रशिक्षणसंस्था एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत, असे आयोगाने १९६६ च्या अहवालात नोंदवले. पदवीधरांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा करणे पैशाअभावी जमण्यासारखे नाही हेही आयोगाने ओळखले होते, म्हणून वर्ष एकच ठेवून कामाचे दिवस २३० करावेत असा मध्यम मार्ग त्याने सुचवला.

दोनशे तीस दिवस भरवणारे अध्यापक महाविद्यालय माझ्या तरी पाहण्यात नाही. प्रवेशप्रक्रिया लांबली की पहिले दोन महिने जातात, विद्यापीठाची परीक्षा आली की शेवटचे दोन जातात, आणि मधल्या काळात दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन आणि शाळांच्या सहामाही परीक्षा यांतून जे उरते ते सरावपाठांच्या वाट्याला येते.

मागच्या बाकावरून

सरावपाठ प्रत्यक्ष कसा चालतो हे सांगितल्याशिवाय वरचे सगळे कोरडेच राहील. निरीक्षक म्हणून वर्गाच्या मागच्या बाकावर बसण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. तेव्हाचा एक पाठ मला आजही बारकाव्यांसह आठवतो. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. इयत्ता आठवी, विषय मराठी, तास पस्तीस मिनिटांचा. छात्राध्यापिकेने काखेत गुंडाळीफळा, एका हातात तक्त्यांची सुरळी आणि दुसऱ्या हातात पाठ टाचणाची, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्याची, वही अशा थाटात वर्गात प्रवेश केला. वर्गाच्या नेहमीच्या शिक्षिका हसून शिक्षककक्षात निघून गेल्या. टाचणात डावीकडे मिनिटे लिहिलेली होती: प्रस्तावना पाच, हेतुकथन एक, विषयविवेचन वीस, आणि पुढे संकलन, उपयोजन, गृहपाठ. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच ठरीव पायऱ्या, आपल्याकडे कितीही वेळा कालबाह्य ठरली तरी टाचणाच्या समासात ती अजून नांदते आहे.

प्रस्तावनेचा तिसरा प्रश्न चालू असताना दुसऱ्या बाकावरची एक मुलगी सहजपणे म्हणाली, "बाई, हा धडा आमचा झालाय." छात्राध्यापिकेच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. आठवडाभर राबून तयार केलेले तक्ते, तीन वेळा तपासून घेतलेले टाचण आणि मागे बसलेली मी, या सगळ्यांचा विचार तिच्या मनात एकदम आला असावा. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग, जणू ती मुलगी बोललीच नाही अशा आवाजात, टाचणातला चौथा प्रश्न विचारला. मुलांनी उत्तरे दिली. ती चांगली दिली, कारण धडा झालेलाच होता. टाचणाप्रमाणे पाठ पूर्ण झाला, फलकलेखन सुंदर होते, वेळ अचूक पाळली गेली. माझ्या निरीक्षण वहीत या सर्व रकान्यांसमोर चांगले गुण पडले. जिथे गुण देण्याजोगे किंवा काढून घेण्याजोगे काही घडले होते, म्हणजे त्या मुलीच्या वाक्यानंतरचे ते क्षण, त्यांच्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

यात दोष त्या छात्राध्यापिकेचा नाही. 'धडा झालाय? छान, मग तुम्हीच मला सांगा, तो तुम्हाला कुठे पटला नाही' असे म्हणण्याची मुभा तिला कोणी दिली नव्हती. तिच्यापुढे टाचण होते आणि टाचणातून बाहेर पडले की गुण जातात, हे आम्हीच तिला शिकवले होते. शाळेने तो धडा आधीच संपवला होता, कारण मुख्याध्यापकांना सहामाहीपूर्वी भाग पुरा करायचा होता, आणि महाविद्यालयाने आपले वेळापत्रक कळवण्यापूर्वीच शाळेचे वेळापत्रक ठरलेले होते. दोन संस्थांची वेळापत्रके एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्याची किंमत पस्तीस मिनिटे त्या मुलीने मोजली.

शाळेत पाठवण्यापूर्वीची पायरी म्हणजे सूक्ष्म अध्यापन, एकेका कौशल्याचा काही मिनिटांचा छोटा पाठ. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात निघालेली ही पद्धत आपल्याकडे आली आणि बी.एड.च्या वर्षातला पहिला सोहळा होऊन बसली. तिचे चक्र छत्तीस मिनिटांचे: सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठ कसा झाला हे सांगणे), बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन, सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फळ्यावर लिहिणे, मुलांचे लक्ष टिकवण्यासाठी चेतक (आवाज, हालचाल) बदलणे अशी एकेक कौशल्ये सुटी करून घोटून घ्यायची, ही कल्पना चांगली आहे. पोहायला शिकणाऱ्याने आधी काठ धरून पाय मारावेत, तसे. अडचण इतकीच की वर्गात मुले नसतात. दहाबारा सहाध्यायी मुलांच्या जागी बसतात. त्यांच्यात एक जण हमखास 'मी सातवीतला ढ मुलगा' म्हणून मुद्दाम चुकीचे उत्तर देतो आणि सगळे हसतात. खरा मागे पडलेला मुलगा वर्गात उत्तरच देत नाही, तो खाली मान घालून वहीवर रेघोट्या मारत असतो. त्याच्याशी कसे वागायचे, याचे सूक्ष्म कौशल्य कोणत्याही यादीत नाही.

पदव्यांचा पसारा

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद १९७३ मध्ये सल्लागार मंडळ म्हणून सुरू झाली, १९९३ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले आणि १९९५ पासून ती प्रत्यक्ष नियामक झाली. तोवर अध्यापक महाविद्यालयावर विद्यापीठ आणि राज्य सरकार यांची सत्ता होती. आता तिसरा धनी आला. उद्देश गुणवत्तेचा होता, पण पुढच्या दीड दशकात राज्यात विनाअनुदानित डी.एड. आणि बी.एड. संस्थांचे जे पीक आले, ते याच परिषदेच्या मान्यतेवर आले.

या प्रकरणातले महाराष्ट्राचे स्थान थोडे वेगळे आहे. राज्य सरकार नव्या संस्था नकोत म्हणत असताना परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने राज्यातील २९१ संस्थांना मान्यता दिली. हे भांडण न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या आयोगाचा हवाला देत लिहिले की, देशातील दहा हजारांहून अधिक सुट्या प्रशिक्षणसंस्थांपैकी बहुतेक शिक्षक घडवण्याचा गंभीर प्रयत्नही करत नाहीत आणि पदव्या विकतात. सरकारी कागदात इतके सरळ वाक्य क्वचितच वाचायला मिळते.

या काळात जुन्या सरकारी महाविद्यालयाचे काय झाले, असे कोणी विचारील. ते महाविद्यालय पदव्या विकत नव्हते, पण ज्या गावात प्रत्येक गल्लीत दुकान आहे तेथे जुन्या वैद्यालाही दुकानदारच समजतात. बी.एड. या शब्दाचे बाजारमूल्य घसरले आणि ते सर्वांचे घसरले. त्यात २ मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरतीवर बंधन आले, २०१३ मध्ये राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली आणि २०१७ च्या अखेरीस अभियोग्यता चाचणीही त्यात आली. पदवी हातात असलेला तरुण एका परीक्षेतून दुसऱ्या परीक्षेत जाऊ लागला, आणि वर्गात उभे राहून काय येते हे यांपैकी एकाही परीक्षेत तपासले जात नव्हते. सगळ्या बहुपर्यायी.

दोन वर्षांची पदवी

वर्मा आयोगाच्या शिफारशींनंतर परिषदेने २०१४ ची नियमावली काढली आणि २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. पैशाअभावी कोठारी आयोगाला जे शक्य वाटले नव्हते, ते अर्धशतकाने एका अधिसूचनेने घडले. वर्षाला २०० कामाचे दिवस, आठवड्याला ३६ तास, पन्नासांची तुकडी, वर्गातील कामाला ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून करायच्या प्रत्यक्ष कामाला, ९० टक्के उपस्थिती, असे सर्व काही आकड्यांत बांधले गेले. यातला खरा बदल आंतरवासितेचा होता. पूर्वी वीसेक सुटे पाठ आणि शाळेत सलग काम करण्याचा एक छोटा छात्रसेवाकाल यांवर भागत असे. आता शाळेतील वास्तव्य एकूण वीस आठवड्यांचे झाले, त्यांतले सोळा आठवडे दुसऱ्या वर्षी.

कागदावर ही १९०४ नंतरची सर्वांत धाडसी तरतूद आहे, असे मला मनापासून वाटते. सोळा आठवडे एकाच शाळेत राहिलेला छात्राध्यापक मुलांना नावानिशी ओळखू लागतो, पालकसभेला बसतो, प्रश्नपत्रिका काढतो, उत्तरपत्रिका तपासतो, शालेय पोषण आहाराच्या वेळी रांग लावतो. धडा झालाय असे कोणी म्हणाले तर तो दुसऱ्या दिवशी निराळा धडा घेऊ शकतो, कारण दुसरा दिवसही त्याचाच असतो. ज्या शाळांनी हे नीट केले तेथून परतलेले छात्राध्यापक बदललेले दिसतात. त्यांच्या बोलण्यात 'विद्यार्थी' हा शब्द कमी होऊन 'आमची नववी ब' असे येऊ लागते.

पण त्याच नियमावलीत शाळांविषयी जे लिहिले आहे ते वाचले की जुनी गाठ पुन्हा दिसते. महाविद्यालयाने पुरेशा शाळांची लेखी संमती घ्यावी. हजार विद्यार्थ्यांपर्यंतच्या शाळेत दहापेक्षा जास्त आणि दोन हजारांपर्यंतच्या शाळेत वीसपेक्षा जास्त छात्राध्यापक पाठवू नयेत. आणि महाविद्यालयाच्या नियंत्रणाखाली स्वतःची जोडशाळा असणे 'इष्ट' आहे. एकशे दहा वर्षांपूर्वी जी गोष्ट प्रत्येक महाविद्यालयाला असावी असे म्हटले होते, ती आता इष्ट म्हणून उरली. आणि मुंबईत दहा छात्राध्यापक सामावून घेईल एवढ्या पटाची मराठी शाळा शोधायची म्हटले की मार्गदर्शक प्राध्यापकांची पायपीट सुरू होते. पट घसरत गेलेल्या शाळेत एका वर्गात विसेक मुले आणि मागे चार छात्राध्यापक, असे दृश्य मी पाहिले आहे. त्या मुलांना सवय झालेली असते. नवा चेहरा दिसला की ती न सांगता नमस्ते म्हणतात.

शाळेची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्या शिक्षिकेच्या वर्गात छात्राध्यापक जातो, तिला या कामासाठी तासिकेत सूट मिळत नाही, मानधन मिळत नाही आणि तिने केलेल्या मूल्यमापनाला महाविद्यालयाच्या गुणपत्रकात फारसे वजनही नसते. तिच्या लेखी सरावपाठ म्हणजे मागे पडलेला भाग आणि पुढच्या महिन्यात घ्यावे लागणारे जादा तास. उलट ज्या शाळेत तीन जागा रिकाम्या आहेत, तेथे मुख्याध्यापक छात्राध्यापकांचे स्वागत हात पसरून करतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना ऑफ तासांवर पाठवतात. अशा ठिकाणी छात्राध्यापक सोळा आठवडे खूप शिकवतात, पण त्यांना शिकवणारे कोणी नसते. या दोन्ही प्रकारांत शाळा वाईट नाही. शिक्षक घडवण्याचे काम तिच्याकडे सोपवले आहे, पण त्या कामाची नोंद तिच्या कोणत्याही कागदावर नाही, एवढेच.

नवे विद्यापीठ, जुने अंतर

सेकंडरी ट्रेनिंग कॉलेजची विद्यापीठीय वंशावळ २०१९ मध्ये बदलली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ, म्हणजे काही महाविद्यालये एकत्र करून बनवलेले विद्यापीठ, मुंबईत स्थापन झाले आणि विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन महाविद्यालय व सिडनहॅम महाविद्यालय यांच्याबरोबर हे अध्यापक महाविद्यालयही त्याचे घटक झाले. चारही संस्था सरकारी, चारही दक्षिण मुंबईत, एकीकडून दुसरीकडे पायी जाता येईल अशा. पुढच्याच वर्षी जे राष्ट्रीय धोरण आले, त्याने सुट्या प्रशिक्षणसंस्था बहुविद्याशाखीय कराव्यात आणि २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावी असे म्हटले. म्हणजे धोरणाला हवे असलेले नेपथ्य येथे आधीच मांडून झाले होते. भौतिकशास्त्र विज्ञान संस्थेत शिकावे, इतिहास एल्फिन्स्टनमध्ये, अर्थशास्त्र सिडनहॅममध्ये आणि अध्यापनशास्त्र ट्रेनिंग कॉलेजात, असा चार वर्षांचा अभ्यासक्रम आखायला मुंबईत याहून सोयीची जागा सापडणार नाही. कोठारी आयोगाने सांगितलेल्या तीन तुटलेपणांपैकी पहिले, म्हणजे विद्यापीठाच्या विद्याजीवनापासूनचे, येथे भरून निघू शकते.

चार वर्षांची कल्पना मुळात नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. भोपाळ, अजमेर, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालयांत ती १९६० च्या दशकापासून राबवली जात आहे, आणि भोपाळच्या संस्थेच्या कक्षेत महाराष्ट्र व गोवा येतात. इतक्या वर्षांत ती राज्यांच्या विद्यापीठांत का उतरली नाही, याचा नीट अभ्यास न करताच २०२३-२४ पासून देशातील ५७ संस्थांत एकात्मिक अभ्यासक्रमाची पहिली फेरी सुरू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही अर्हता चालणार नाही असा निर्णय दिला, तेव्हा अनेकांनी दोन वर्षे घालवून घेतलेली पदवी अर्ध्या शाळेपुरतीच उरली. आणि २०२५ च्या सुरुवातीला परिषदेने जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. पुन्हा प्रस्तावित झाले. हंटर आयोगाचा 'आखूड' अभ्यासक्रम, कर्झनचे एक वर्ष, वर्मा आयोगानंतरची दोन वर्षे, धोरणाची चार वर्षे आणि पुन्हा एक वर्ष, असा हा झोका आहे. दर वेळी चर्चा कालावधीची होते, कारण कालावधी अधिसूचनेने बदलता येतो. शाळेशी नाते अधिसूचनेने जुळत नाही.

माझ्या मते समूह विद्यापीठाने पहिला प्रयोग अभ्यासक्रमावर न करता शाळेवर करावा. महापालिकेच्या किंवा शासनाच्या चारपाच माध्यमिक शाळा निवडाव्यात, त्यांच्याशी पाच वर्षांचा करार करावा आणि त्या शाळांतील अनुभवी शिक्षकांना विद्यापीठाचे मार्गदर्शक शिक्षक म्हणून रीतसर नेमावे. त्यांच्या तासिका कमी कराव्यात, मानधन द्यावे, आंतरवासितेच्या गुणांत निम्मा वाटा त्यांचा असावा. महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने आठवड्यातून एक दिवस त्याच शाळेत स्वतः तास घ्यावा. हे शेवटचे कलम सहकाऱ्यांना आवडणार नाही याची मला कल्पना आहे. आमच्यापैकी अनेकांनी आठवीच्या वर्गात शेवटचा तास घेतला त्याला पंधरा-वीस वर्षे झाली, आणि तरीही आम्ही त्या वर्गात कसे शिकवावे याचे गुण देतो. करारात वेळापत्रकाचे एक साधे कलम हवे: जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून कोणता घटक कोणत्या आठवड्यात छात्राध्यापक घेतील ते ठरवावे. त्यासाठी बी.एड.चे प्रवेश जूनपूर्वी संपायला हवेत, आणि ते राज्याच्या सामायिक प्रवेशप्रक्रियेच्या हातात आहे.

गेल्या हंगामात आंतरवासितेसाठी शाळा मागायला गेले असता एका मुख्याध्यापिकाबाईंनी चहा मागवला, यादी पाहिली आणि म्हणाल्या, "मुली पाठवा हो, चांगल्याच असतात तुमच्या. पण दिवाळीनंतर पाठवा, आणि दहावीला हात लावायचा नाही. नववीचाही नको, पुढच्या वर्षी तीच दहावी आहे." मग त्यांनी जरा विचार करून पाचवीची एक तुकडी आणि शारीरिक शिक्षणाचे तास देऊ केले. आमच्या नऊ मुलींपैकी सहा जणींची अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवण्यासाठी निवडलेला विषय, विज्ञान आणि गणित होती. मी यादीवर तसे लिहून घेतले आणि पुढच्या शाळेत गेले.